पाच फूट मोकळी जागा

कबनूरच्या शाळेत मी चौथीचा वर्ग घेत होते. शेजारी माग चालू असले की मुलींपर्यंत आवाज पोचवायला घसा ताणावा लागतो. तसा ताणून काहीतरी सांगत असताना मुली एकाएकी दाराकडे बघायला लागल्या. दारात अण्णा उभे होते. आमचे थोरले बंधू, शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी, ज्यांचा आवाज पेठेच्या या टोकाला निघाला की त्या टोकाला ऐकू जातो. टोपी काढून हातात धरली होती. मी बाहेर व्हरांड्यात आले. तेव्हा हळू आवाजात म्हणाले, “इंदू… आपला मधू गेला.”

खरं सांगायचं तर मरणाची गोष्ट मला जरा उशिरा कळली. आधी कळलं ते एवढंच, की अण्णांनी मधूदादाचं नाव घेतलं. कित्येक वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. विषय निघालाच तर “तुझा भाऊ” म्हणायचे, जणू तो एकट्या माझाच भाऊ होता. आणि आता “आपला”… आम्ही सर्व्हिस मोटारीनं कोल्हापूरला निघालो. अण्णा खिडकीबाहेर बघत होते आणि मधूनच धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होते.

मधूदादा काही मोठा माणूस नव्हता. पालिकेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. सायकल, खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर हॅट आणि उन्हानं रापलेला चेहरा. आम्ही तिघं भावंडं शुक्रवार पेठेतल्या एका बोळात वाढलो. वडील लवकर गेले, तेव्हा अण्णांना नुकती मिसरूड फुटत होती. शाळा सोडून ते एका अडत्याच्या दुकानात राहिले आणि त्यांच्या खांद्यावर आमचं घर चाललं. घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती अशा चिकटलेल्या, की मधल्या खोलीत भर दुपारी चिमणी लावावी लागे. त्याच खोलीत आईला क्षय झाला. डॉक्टर आले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, “हिला उजेडात, वाऱ्यावर ठेवा.” उजेड घरात कुठंच नव्हता. मग अण्णा आणि मधूदादा रोज सकाळी आईची बाज उचलून बोळात ठेवायचे. बोळ इतका अरुंद, की बैलगाडी आली की बाज उचलून आत घ्यायची, गाडी गेली की परत बाहेर. गाडीवाले कुरकुरायचे. आई म्हणायची, “ऱ्हाऊ दे रं पोरांनो, मी आतच बरी हाय.” अण्णा ऐकायचे नाहीत. उन्हाळा सरता सरता आई गेली. त्यानंतर अण्णा एकच गोष्ट म्हणत राहिले, मधूनं शिकायचं. तो पुण्याला जाऊन इंजिनेरीचा डिप्लोमा घेऊन आला, त्या दिवशी अण्णांनी सगळ्या पेठेत पेढे वाटले. “आमचा मधू आता घरं बांधणार,” असं गिऱ्हाइकांना सांगायचे.

घरं बांधण्यापेक्षा ती कशी बांधावीत हे सांगण्याचं काम त्याच्या वाट्याला आलं. संस्थान विलीन झालं त्या सुमाराची गोष्ट. गाव जुन्या पेठांत मावेनासं झालं होतं, आणि पूर्वेच्या अंगाला जिथं आम्ही लहानपणी ऊस मोडून खाल्ला तिथं खुंट्या मारून प्लॉट पाडणं चालू झालं होतं. नव्या वसाहतीत घर बांधणाऱ्यांसाठी सूचना काढायच्या होत्या. रस्त्यापासून किती मागं सरायचं, बाजूला किती जागा सोडायची, मोरीचं पाणी कुठं काढायचं, झोपायच्या खोलीला केवढी खिडकी ठेवायची. वरिष्ठांनी दिलेला मसुदा असा होता, की वकिलालाही दोनदा वाचावा लागला असता. मधूदादानं तो घरी आणला आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून एकेक वाक्य आपल्या बायकोला, आमच्या सुशीलावहिनीला, वाचून दाखवायला लागला. वहिनी भाकरी थापता थापता “कळलं” किंवा “न्हाई कळलं” म्हणायची. न कळलेलं वाक्य तो खोडून परत लिहायचा. एका जागी त्यानं लिहिलं होतं, ‘शेजाऱ्याच्या हद्दीपासून पाच फूट जागा मोकळी सोडावी. जागा तुमची असली तरी तिच्यातला वारा दोघांचा आहे.’ वरिष्ठांनी दुसऱ्या वाक्यावर काट मारली आणि विचारलं, “पाटील, हे नियम आहेत की कीर्तन?” ही गोष्ट तो स्वतःच हसून सांगायचा.

सूचना छापून निघाल्या आणि त्याचा रविवार गेला. तो आणि वहिनी राहत त्या भाड्याच्या दोन खोल्यांत सकाळपासून माणसं यायची, कुणी नकाशा घेऊन, कुणी नुसतंच तावातावानं. तो सगळ्यांना एकाच सुरात म्हणायचा, “बसा पावणं. नकाशा आणलाय न्हवं?” एकदा शाहूवाडीकडचे एक गृहस्थ आले होते. भाताची शेती मुलांवर सोपवून शहरात घर बांधायला निघालेले. बसायच्या आधीच कडाडले, “साह्यब, जागा माझी, घाम माझा, आन् पाच फूट कुणाच्या बापासाठी सोडू?”

“बापासाठी न्हवं, पावणं. शेजाऱ्याच्या पोरासाठी,” मधूदादा म्हणाला. “आन् तो सोडंल ते तुमच्या नातवासाठी. वारा लागंल की!”

म्हातारा हसला आणि चहा पिऊन गेला. सगळेच असे हसून जायचे नाहीत. पण त्याचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

अण्णांनीही त्याच वसाहतीत प्लॉट घेतला. मधूदादाला केवढा आनंद झाला होता! नकाशा त्यानंच काढला. खिडक्या कुठं, तुळस कुठं, थोरल्या वहिनींना ऊन येईल असं परसू कुठं. पण बांधकाम चालू झालं ते गुऱ्हाळांच्या ऐन दिवसांत, आणि तेव्हाच त्याला खात्यानं पाणीपुरवठ्याच्या कामावर गावाबाहेर धाडलं होतं. तो परत आला तो थेट वास्तुशांतीच्या जेवणाला. पंगत उठली, हात धुवायला तो मागच्या बाजूला गेला आणि बराच वेळ आला नाही, म्हणून मी बघायला गेले. घराच्या बाजूची मोकळी जागा अण्णांनी भिंत घालून, वर पत्रे टाकून बंद केली होती. आत गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, रचलेले. पलीकडचं घर हसनचाचांचं. टांग्यांच्या गाद्या शिवणारे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांच्या खोलीची एकुलती एक खिडकी त्या भिंतीवर उघडत होती. दुपारचं ऊन डोक्यावर होतं आणि हसनचाचा आत चिमणीच्या उजेडात सुईत दोरा ओवत होते. मधूदादानं विचारलं, “चाचा, बोलला कसं न्हाई?” ते म्हणाले, “तुमच्याच भावाचं घर हाय साह्यब. कुणाला बोलू?”

मधूदादा आत आला. पाहुणे पान खात बसले होते. तो अण्णांना हळूच म्हणाला, “अण्णा, बाजूची भिंत काढावी लागंल.” अण्णांना चेष्टा वाटली. मोठ्यांदा हसून ते पाहुण्यांना म्हणाले, “बघा, आमच्या घरातच सरकार हाय!” सगळे हसले. तो हसला नाही.

पुढं त्यानं दोन-तीनदा जाऊन विनवलं. अण्णा म्हणायचे, “हंगाम सरू दे.” हंगाम सरला, भिंत राहिली. मग रीतसर नोटीस निघाली, खाली मधूदादाची सही. अण्णा नोटीस घेऊन भाड्याच्या त्या खोल्यांत आले, तेव्हा मी तिथंच होते.

“माझ्या नावानं कागद काढलास?”

“तुमचा एकट्याचा न्हाई अण्णा. ज्यांनी ज्यांनी जागा बुजवली…”

“तुला इंजिनेर कुणी केला?”

“तुम्ही.”

“मग?”

मधूदादा म्हणाला, “आईची बाज आपण दोघांनी उचललीया अण्णा.”

“आईचं नाव घेऊ नगंस!” अण्णा इतक्या जोरात ओरडले, की शेजारची माणसं दारात आली. ते गेले, आणि दुसऱ्याच दिवशी आपली माणसं लावून त्यांनी भिंत काढली. पालिकेची माणसं यायची वाट बघितली नाही. पण भावाच्या घराची पायरी त्यानंतर चढले नाहीत. दिवाळीला फराळाचं ताट यायचं, ते थोरल्या वहिनी चोरून पाठवायच्या.

एवढ्यावरच राहिलं असतं तर कदाचित काळानं सांधलंही असतं. पण त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर एका बड्या गृहस्थांचा दुमजली बंगला उठला, दोन्ही बाजूंनी हद्दीला टेकलेला. मधूदादानं अहवाल लिहिला. परत लिहिला. वहिनी सांगते, त्या दिवसांत तो जेवता जेवता थांबायचा. बंगल्याला कुठून, कशी, कुणाच्या शब्दावर परवानगी आली ते मला कळलं नाही. बंगला उभा राहिला एवढं खरं, आणि मधूदादाकडचं वसाहतीचं काम काढून त्याला रस्त्यांच्या डागडुजीवर टाकलं एवढं खरं.

त्यानंतर एका सकाळी तो मला म्हणाला, “इंदू, माझ्यासंगट अण्णांच्या दुकानात चल.” आम्ही गेलो. अण्णा काट्यापाशी उभे राहून गूळ तोलून घेत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मधूदादा उभ्या उभ्या म्हणाला, “अण्णा, कोपऱ्यावरचा बंगला मला थांबवता आला न्हाई. हे तुम्हांला दुसऱ्याकडनं कळण्याआधी मी सांगावं म्हणून आलोय.”

“मग माझीच तेवढी भिंत दिसली व्हय तुला?”

“व्हय,” मधूदादा म्हणाला. “तुमची मी पाडू शकलो. त्यांची न्हाई.”

अण्णा काट्यावरचा रवा नीट करत राहिले. मग दुकानातल्या गड्याला म्हणाले, “पावण्यांना पाणी दे.”

कोल्हापुरात वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात, त्यात कुणाचा अपमान नसतो. पण सख्ख्या भावाला… गड्यानं तांब्या-भांडं आणलं. मधूदादानं भांडं हातात घेतलं, सगळं पाणी प्याला, भांडं हलकेच खाली ठेवलं आणि बाहेर पडला. आम्ही रंकाळ्याच्या कट्ट्यावर आलो. तिथं बसल्यावर तो म्हणाला, “अण्णांचं बरोबर हाय इंदू.” मी म्हटलं, “आणि तुझं?” तो पाण्याकडं बघत म्हणाला, “माझंबी बरोबरच हाय. दोघातलं एक चूक असतं तर लई सोपं झालं असतं.”

त्यानंतर तो रस्त्यांवर खडी टाकून घेत राहिला. रविवारची माणसं कमी होत गेली, तरी पूर्ण थांबली नाहीत. स्वतःसाठी प्लॉट घ्यायचं वहिनीनं किती सुचवलं, तो म्हणायचा, बघू. या वर्षी दसऱ्यानंतर त्याला कावीळ झाली. पोटातल्या पोटात ती किती वाढली होती हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. मला पत्रात त्यानं “बरं वाटतंय” असंच लिहिलं. शेवटच्या दोन दिवसांत तो भ्रमात गेला आणि वहिनीनं घाबरून अण्णांकडे निरोप धाडला.

पुढचं मला वहिनीनं सांगितलं. अण्णा तसेच दुकानातून अनवाणी दवाखान्यात आले. खाटेपाशी वाकून म्हणाले, “मधू, मी आलोय रं.” मधूदादानं डोळे उघडले. पिवळे झालेले डोळे अण्णांच्या तोंडावरून फिरले, पण ओळख पटली नाही. तो हसला मात्र, आणि रविवारच्या त्याच आवाजात म्हणाला, “बसा पावणं… नकाशा आणलाय न्हवं?”

अण्णा खाटेच्या लोखंडी दांडीला धरून खालीच बसले. “आणलाय,” म्हणाले. “आणलाय रं. तू सांगशील तसंच बांधतो.” मधूदादा मान हलवत राहिला. त्यानंतर तो कुणाशीच बोलला नाही.

बारावं-तेरावं झालं. अण्णांनी सुशीलावहिनीला आणि मधूदादाच्या लेकीला आपल्या घरी नेलं, हसनचाचांच्या बाजूच्या खोलीत. मी परवाच्या रविवारी गेले होते. दुपार होती. मोकळ्या जागेवरून येणारं ऊन वहिनीच्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत चढलं होतं. पलीकडच्या खिडकीत हसनचाचा गादी शिवत बसले होते आणि त्यांची बायको इकडच्या खिडकीतल्या आमच्या वहिनीशी बोलत होती. काही खास नाही, कोथिंबीर महागली वगैरे. तेवढ्यात दारात गुळाची गाडी आली. पुढच्या सोप्यात जागा नव्हती म्हणून गाडीवानानं दोन रवे आणून त्या बाजूच्या मोकळ्या जागेत, घराच्या भिंतीला लावून ठेवले.

“उचल ते,” सोप्यातून अण्णा म्हणाले.

“घटकाभर अण्णा. आत जागा करतो की.”

“न्हाई. उचल म्हणतोय न्हवं!”

गाडीवान गोंधळून उभा राहिला. तेव्हा अण्णा स्वतःच उठले. या वयात, धापा टाकत, त्यांनी एक रवा उचलून छातीशी धरला आणि सोप्यात आपल्या बैठकीवरच आणून ठेवला. मग परत गेले आणि दुसरा आणला. वहिनी खिडकीतून बघत होती, हसनचाचांची सुई थांबली होती. साऱ्या कोल्हापुरात मधूदादाच्या नावावर हातभर जागा नाही… अण्णांनी खाली पडलेला गुळाचा चुरा पायानं बाजूला सारला, जागा रिकामी झाली हे नीट बघितलं, आणि उन्हात तसेच उभे राहिले.