साडूभाऊंची डाळिंबी सायकल

आमच्या साडूभाऊंना उभ्या आयुष्यात लाल कोणता आणि हिरवा कोणता हे कळलं नाही, आणि रंगापायी त्यांच्याइतका वेडा झालेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. यात नवल काही नाही. ज्याला गाता येत नाही तोच न्हाणीत सगळ्यात मोठ्यांदा गातो, तसलाच हा प्रकार. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि लाल तिखटाची चटणी ताटात शेजारी वाढली की ते आधी वास घेत आणि मगच बोट लावत. तरुणपणी त्यांना एसटीचा ड्रायव्हर व्हायचं होतं. डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक समोर धरलं आणि यात आकडा कोणता म्हणून विचारलं. "नुसत्या टिकल्या होत्या हो पाव्हणं," ते मला नेहमी सांगत, "बायकांच्या टिकल्यांचं पाकीट सांडल्यावानी. टिकल्यांत आकडा कुठून येतो?" शेवटी ते अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून म्हणून चिकटले. उसाचं वजन करायला रंग कळावा लागत नाही.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. लग्न झाल्या झाल्या अंबडच्या बाजारात "लाल साडीच्या मागं मागं या" असं सांगून अक्का पुढे निघाल्या आणि साडूभाऊ इमानेइतबारे एका हिरव्या साडीमागे पार बसस्टँडपर्यंत गेले. त्या बाईच्या भावाने कॉलर धरली तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या दिवसापासून अक्कांनी त्यांच्या डोळ्यांचा कारभार आपल्या हाती घेतला, आणि तो करताना तोंडाचा पट्टा एक दिवस बंद ठेवला नाही. अक्कांनी कधी कुणाला छान म्हटल्याचं मी ऐकलं नाही. स्वयंपाक, सून, सिनेमा, सोनं, काहीही दाखवा, आधी खोट निघणार. अगदीच खोट सापडली नाही तर मान एकीकडे वळवून "चालंल" म्हणायच्या. त्यांच्याकडून "चालंल" ऐकलेला माणूस महिनाभर छाती काढून हिंडे.

या माणसाला सायकलींचं वेड लागलं ते मुलीमुळे. मनी लहान असताना, ऐंशीच्या दशकात, कारखान्याच्या कॉलनीत बीएमएक्स सायकलींची साथ आली. बुटकी सायकल, गाठीगाठींचे जाड टायर, उंच हॅण्डल, हॅण्डलला फोमची उशी आणि पुढे मोटारसायकलच्या शर्यतीसारखी नंबरची पाटी. साहेबांच्या पोरांकडे ती होती आणि कारकुनाच्या मनीला ती हवी होती. "पोरीच्या जातीला ही असली उड्या मारायची सायकल?" असं सगळी कॉलनी म्हणाली, म्हणून साडूभाऊंनी ती हट्टाने आणली. मनी मोठी झाली, सायकल लहान झाली, आणि कुणा पाहुण्याने मागितली म्हणून देऊन टाकली. पुढे मनीचं लग्न झालं, ती नाशिकला गेली, साडूभाऊ निवृत्त होऊन घनसावंगीला राहायला आले आणि रिकाम्या घरात त्यांना एकदम त्या सायकलची आठवण झाली. त्या पाहुण्याने ती दुसऱ्याला दिली होती, त्याने तिसऱ्याला. साडूभाऊ शोधत निघाले ते काही वर्षं शोधतच राहिले.

शोधायला गेले की मनीची सायकल सोडून बाकीच्या मिळत. कुणाच्या परसात, कुणाच्या माळ्यावर, एक तर विहिरीवर मोटारीची वायर गुंडाळायला. गंजलेली बीएमएक्स दिसली की यांचा पाय निघायचा नाही. घरी आणायची, सगळी खोलायची, घासायची, आणि कंपनीतून निघाल्यासारखी करायची. घरात पाऊल टाकायला जागा उरली नाही. चेन रॉकेलच्या पातेल्यात, हॅण्डल चिंचेच्या कोळात, फ्रेम न्हाणीत. रंग मारायला डास मारायचा हातपंप. एकदा एकादशीला मी त्यांच्याकडे फराळाला बसलो आणि खिचडीच्या पहिल्याच घासाला कटकन आवाज झाला. साबुदाण्याच्या डब्यात चाकाचे छर्रे ठेवले होते. माझा दात शाबूत आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. हात पुढे करून ओरडले, "गिळू नका पाव्हणं, गिळू नका! जुना माल आहे, आता मिळत न्हाई!"

सायकल तयार झाली की ते स्वतः चालवून बघत. साठीचा माणूस, पांढरा पायजमा, गुडघे कानाला लागलेले, आणि गल्लीतून सूं करत चाललेला. अक्का दारात उभ्या राहून म्हणायच्या, "लोक काय म्हणतील याची काही लाज? माकड बसलंय सायकलवर!" दोन फेऱ्या झाल्या की साडूभाऊ ती सायकल गावातल्या कुठल्याही पोराला देऊन टाकत. त्यांना त्या सायकली ठेवायच्या नव्हत्याच. मनीची सापडेपर्यंत हात बसवून घेत होते इतकंच.

पण खरी गंमत रंगाची होती. फ्रेम घासली की मूळ रंगाचा एखादा तुकडा कुठेतरी सापडे, आणि तो कोणता हे अक्का सांगत. त्यांच्याकडे रंगांची नावं नव्हती, साड्या होत्या. "ही शेजारणीच्या डोहाळजेवणातली मोरपंखी," "ही आपल्या वास्तुशांतीची जांभळी." मग ती साडी पिशवीत घालून साडूभाऊ जीपने जालन्याला येत, आमच्याकडे चहा घेत आणि रंगाच्या दुकानात जात. तिथले चाचा त्यांना लांबूनच हाक मारायचे, "आओ साडीवाले साब! आज भाभी ने कौनसी भेजी?" पदराशेजारी डबा ठेवून चाचा थेंब थेंब रंग मिसळायचे. चाचांनी अक्कांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या साड्या मात्र त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होत्या.

रंग मारून झाला की अक्कांना बोलवायचं. "अहो हे काय, शेवाळ फासलं का सायकलीला? आणि हा ओघळ? रंग मी देऊन राह्यले का तुम्ही?" साडूभाऊ मुकाट्याने पुन्हा घासायला बसायचे. असं होत होत एके दिवशी अक्का मान वळवून "चालंल" म्हणायच्या, आणि सायकल पुरी व्हायची. मी एकदा त्यांना म्हणालो, "साडूभाऊ, एवढं बोलून घेता, राग येत नाही?" तर माझ्याकडे मी भलतंच काही विचारल्यासारखे बघत राहिले. "राग कशाचा? मला दिसत न्हाई, तिला दिसतं. ती बोलली की मला दिसतं."

अक्का अंथरुणाला खिळल्या त्याच वर्षी मनीची सायकल सापडली. आष्टीला एका गोठ्यात, फाटक नव्हतं म्हणून आडवी बांधून ठेवलेली. मनी नाल्यात पडली होती तेव्हाचा पोचा फ्रेमवर जसाच्या तसा होता. साडूभाऊंनी ती अक्कांच्या खाटेशी आणून उभी केली. अक्कांनी आधी खोट काढली, की शेण तरी धुवून आणायचं होतं. मग हात लांब करून तो पोचा आणि त्यात उरलेला मूळ रंगाचा तुकडा चाचपला. म्हणाल्या, "माझी डाळिंबी साडी. मनीच्या बारशाला माहेराहून आल्ती ती. तिच्यावरूनच दुकानात ही सायकल उचलल्ती मी. बराबर तसाच रंग द्या. मनीला सांगते, तुझी सायकल तशीच्या तशी करून ठेवतो म्हणून." फोनवर मनीला सांगितलंही. पण फ्रेमला तांबूस अस्तराचा हात बसेपर्यंत अक्का गेल्या.

सवाष्ण गेली म्हणून बायका त्यांचं भाग्य वाखाणत होत्या. मला त्या शब्दाचा इतका संताप पूर्वी कधी आला नव्हता. साडूभाऊ रडले नाहीत. आलेल्या प्रत्येकाला "बसा, बसा" म्हणत राहिले. तेराव्यानंतर बायकांनी अक्कांचं कपाट उघडलं आणि आठवण म्हणून एकेकीने एकेक साडी घेतली. मनीने स्वतःच्या हाताने डाळिंबी साडी मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला दिली. उरलेल्या साड्यांच्या नव्या घड्या घालून, हाताला येतील तशा रचून कपाट बंद केलं. बायकांच्या या वाटणीत पुरुषाला कोण विचारतं? साडूभाऊंना कुणी काही सांगितलं नाही. त्या कपाटात अक्कांनी लग्नापासून लाल रंगाच्या साड्या डाव्या हाताला आणि हिरव्या उजव्या हाताला ठेवल्या होत्या, तेवढ्याच एका खुणेवर या माणसाचा संसार चालला होता, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?

पुढे बरेच महिने फ्रेम तशीच होती. वर्षश्राद्ध जवळ आलं, मनी येणार होती. एक दिवस साडूभाऊ पिशवी घेऊन आमच्याकडे आले. माझी बायको म्हणाली, "दाजी, साडी दाखवा बरं. मी येते संगं." त्यांनी पिशवी पोटाशी धरली. "न्हाई. तिची साडी मला ओळखू येत न्हाई का? रेशमी काठ, डाव्या हाताची, सगळ्यात वरची. एकदा तरी माझं मला करू द्या." कपाटातल्या साड्यांच्या जागा बदलल्यात हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि डाळिंबी साडी आपल्याच पेटीत आहे हेही त्या क्षणी सुचलं नाही. चाचांनी समोर आलेल्या साडीचा रंग बिनचूक मिसळून दिला.

श्राद्धाची पानं उठल्यावर साडूभाऊंनी मनीला अंगणात नेलं, आम्ही मागून गेलो. चादर ओढून काढली. गर्द हिरवी सायकल. कुठे ओघळ नाही, कुठे खरखर नाही, हॅण्डल आरशासारखं, पुढे नंबरची पाटीसुद्धा नवी. इतकं सुबक काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं, आणि ते सगळं हिरवं होतं.

"कशी झाली?" त्यांनी विचारलं.

मनीने ओठ आवळले. "छान झालीय बाबा. बराबर तश्शीच."

"पाव्हणं?"

"वा वा," मी म्हणालो, "फारच सुंदर."

साडूभाऊ आमच्या तोंडाकडे बघत राहिले. कुणीतरी अजून काही बोलेल म्हणून थांबले. मग त्यांनी चादर हळूच गोळा केली. "म्हणजे चुकला," ते म्हणाले. "सगळेच छान म्हणून राह्यले. बराबर असता तर कोणीतरी 'चालंल' म्हणलं असतं."

तेव्हा माझी बायको पुढे झाली. दोघी बहिणींचा आवाज फोनवर मला कधी वेगळा ओळखू यायचा नाही. डोळे पुसत ती तटकन म्हणाली, "चुकला न्हाई तर काय! अहो, हिरवी करून ठेवलीय सगळी! शेवाळ फासलं का दाजी सायकलीला?"

साडूभाऊ अंगणात खालीच बसले आणि वर्षभराचं रडले. मी त्यांना उठवायला गेलो तर मनीने माझा हात धरला. हुंदक्यांतून ते माझ्या बायकोला म्हणत होते, "बोल अजून. अजून बोल." आणि ती बिचारी रडत रडत, हॅण्डल, चाक, सीट, सापडेल त्याला नावं ठेवत राहिली.

मनीने मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशी साडूभाऊ, माझी बायको आणि मी असे तिघं आमच्या पेटीतली डाळिंबी साडी घेऊन चाचांकडे गेलो. चाचांनी साडी पाहिली, मग माझ्या बायकोकडे पाहिलं आणि घाईने उठून स्टूल पुसलं. "बैठो भाभी, बैठो. इत्ते साल साडियाँ देखा, आज भाभी को देखा!" मी चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण साडूभाऊ चाचांकडे बघून इतक्या समाधानाने हसले की मी शब्द गिळला. माझी बायको स्टुलावर बसली, आणि डब्यात रंग जुळेपर्यंत दोनदा "न्हाई, अजून न्हाई" म्हणाली.

सायकल डाळिंबी झाली. ती पुसताना माझ्या बायकोला पायडलच्या दांड्याखाली, उलटी केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याएवढा हिरवा डाग दिसला.

"दाजी, इथं राह्यलंय बघा हिरवं."

"राह्यलं न्हाई, ठेवलंय," साडूभाऊ म्हणाले. "घासतानाच चिकटपट्टी लावून ठेवल्ती मी. तेवढं चुकलेलं राहू दे. कधी आलीच ती, तर बोलायला काही पाह्यजे ना?"

त्यानंतर त्यांनी एकही सायकल खोलली नाही. मनी नाशिकला निघाली तेव्हा सायकल बसच्या टपावर आडवी बांधली होती, आणि तो हिरवा डाग आम्हाला खालून दिसत होता. गाडी वळेपर्यंत साडूभाऊ मान वर करून नेमके तिथेच बघत होते. त्यांना तो दिसत नव्हता, हे मला ठाऊक होतं.