गाडी शिकवणारी शैला

शैला नव्या बाईला पहिल्या दिवशी गाडी चालवायला देतच नसे. आधी गाडीभोवती एक फेरी मारायला लावायची, वाकून चाकांमागं बघायला लावायची. कुणी साडी सावरत उगाच वाकल्यासारखं केलं, की म्हणायची, "नीट बघा ताई. खाली कुत्र्याचं पिल्लू झोपलेलं असतंय. त्याला काय ठावं, तुमचा आज पैला दिवस हाय म्हून." मग ती शेजारच्या सीटवर बसायची, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायची आणि विचारायची, "भ्या वाटतंय का?" बाई 'नाही' म्हणाली तर तिला खाली उतरवायची. "ज्याला भ्या वाटत न्हाई, त्याला मी स्टेअरिंगला हात लावू देत न्हाई. घरी जा, इचार करा, उद्या या."

तिचे वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. कॉलेजसाठी ती शिरूरला आली आणि वसतिगृहात आम्हाला एकच खोली मिळाली: शैला, कांचन आणि मी. पुढं कांचन डॉक्टर झाली, तळेगाव ढमढेऱ्यात तिचा दवाखाना उभा राहिला. मी सणसवाडीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना काढला. शैलानं नवरा गेल्यावर एक जुनी गाडी घेतली आणि शिरूरमध्ये ड्रायव्हिंग स्कूल सुरू केलं. गाड्या वाढल्या, हाताखाली माणसं आली, पण बायकांना शिकवायचं काम तिनं स्वतःकडंच ठेवलं. पन्नाशीला आम्हा तिघींचंही बरं चाललं होतं. कार्यक्रमांना बोलावणी यायची, सत्कार व्हायचे. शैला म्हणायची, "शाली इतक्या झाल्यात, आता थंडीच पुरंना."

मला गाडी तिनंच शिकवली, तीही चाळिशी उलटल्यावर. नगर रोडवर शेजारून कंटेनर गेला की माझे हात आपोआप सुटायचे. एकदा मी चक्क रडायला लागले. शैलानं माझ्याकडं बघितलंही नाही. समोर बघत म्हणाली, "रडायचं तर रड, पर हात सोडू नगंस. रडत रडतबी गाडी चालती."

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघी खुटबावला एका लग्नाला गेलो होतो. येताना दुपार होती. गाडी शैला चालवत होती, मी शेजारी, कांचन मागं. आधी कांचनला तळेगावला सोडायचं, मग पुढं जायचं असं ठरलेलं. न्हावऱ्याच्या चौकात शैलानं गाडी थांबवली. सरळ शिरूर, डावीकडं तळेगाव. हा रस्ता तिच्या पायाखालचा होता.

"आता कुठं?" तिनं विचारलं.

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी म्हटलं, "चंद्रावर."

ती हसली नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट, आणि नजर एका दुकानावरून दुसऱ्या दुकानावर. मागून जीपवाला हॉर्न वाजवत होता. "मला वळखू येईना," ती हळू म्हणाली. "हे कुठलं गाव हाय?"

मी मागं वळून कांचनकडं बघितलं. ती डॉक्टर, तिनं काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. कांचनचा चेहरा पांढरा पडला होता. क्षणभरानं शैलाच म्हणाली, "न्हावरा. व्हय, न्हावराच की." तिनं डावीकडं इंडिकेटर दिला आणि तळेगावच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडं डोक्याइतका ऊस होता.

त्यानंतर भीतीनं आमच्यात घरच केलं. कांचन म्हणायची, "पाळी जाताना होतं असं. झोप नीट लागत नाही, माणूस विसरतं." पण तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. कारण लगेच दुसऱ्या दिवशी तिनं पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मीही घाबरले होते, आणि नुसती शैलासाठी नाही. कारखान्यातल्या एखाद्या मुलीचं नाव पटकन आठवलं नाही, तर मला घाम फुटायचा. कांचनला फोन करून विचारायची, "मलाही होतंय का गं ते?" एकदा ती म्हणाली, "मी पण रोज सकाळी स्वतःला तेच विचारते."

पुण्याच्या तपासण्या झाल्या. निदान काय ते शैलानंच सांगितलं, कांचनच्या दवाखान्यात, चहा पिता पिता. "डॉक्टर म्हणलं, या वयात सहसा होत न्हाई. पर झालंय. डोकं हळूहळू पुसत जाणार." मग बशी खाली ठेवून म्हणाली, "आई-बापाच्या म्हातारपणाचं भ्या वाटायचं वय, आन् हितं माझंच सुरू झालं."

कांचननं तिला शिकवणं थांबवायला सांगितलं. शैला म्हणाली, "शेजारीच बसती ना मी. चालवतंय कोण?" त्यावर आम्ही दोघी गप्प बसलो नाही, आठवडाभर भांडलो. शेवटी ठरलं की मी एक दिवस तिच्याबरोबर मागं बसून बघायचं.

त्या दिवशी स्टेअरिंगवर एक बिहारी बाई होती. नवरा रांजणगावला कंपनीत, हिला शाळेची व्हॅन चालवायची होती. बाई चांगली शिकत होती. शैलाही चोख होती. "धीरे, दीदी. क्लच पूरा दबाव." मला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

तेवढ्यात शेताच्या वाटेवरून उसाची भरलेली ट्रॉली डांबरीवर चढली. बाई गोंधळली, तिनं ॲक्सिलरेटर दाबला. अशा वेळी शैलाचा पाय ब्रेकवर जायचाच, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी मागून बघत होते. पाय हलला नाही. ती खाली आपल्या पायाकडं बघत होती. तो पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

मी किंचाळले. बाईनं स्टेअरिंग फिरवलं, गाडी रस्त्याकडेच्या चारीत उतरली आणि बंद पडली. ट्रॉलीतल्या उसाची पाचट आमच्या काचेला घासत गेली. कुणाला काही लागलं नाही. बाई विचारत होती, "मॅडम, ब्रेक? मॅडम?"

शैला उतरली आणि बांधावर बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. "कुठला पाय दाबायचा, त्येच सुचंना," ती म्हणाली. "माझ्या भरवशावर बसली व्हती गं ती पोरगी." थोड्या वेळानं तिनं त्या बाईला जवळ बोलावलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आज से दुसरे सर सिखायेंगे. मेरेसे नहीं होगा, दीदी." घरी जाताना गाडी मी चालवली. त्यानंतर शैला कुठल्याही गाडीत पुढं बसली नाही.

स्कूल तिनं आपल्या हाताखालच्याच एकाला दिलं आणि ती दौंडला भावाकडं राहायला गेली. आम्ही जमेल तसं जायचो. दर खेपेला पायरी चढताना मनात यायचं, आज ओळखेल का?

गेल्या महिन्यात मी एकटीच गेले. कांचनच्या दवाखान्यात गर्दी होती. शैला ओसरीवर बसली होती. केस भावजयीनं छान विंचरले होते. माझ्याकडं बघून तिनं हात जोडले. "जय भीम. या, बसा. कुणीकडल्या तुम्ही?"

"सणसवाडीची," मी म्हटलं.

"व्हय का? तिकडं माझी मैत्रीण असती. दोघी हायत मला. एक डॉक्टर हाय." मग ती अडखळली. कपाळाला आठ्या घालून शोधत राहिली. "दुसरीचं नाव... आता यील ध्यानात. लई भित्री हाय ती. एवढ्या गाड्यांतनं तिला यायचं जमायचं न्हाई." ती एकदम उठली आणि चपला शोधायला लागली. "मीच जाती आणाया. वाट बघत बसली आसंल."

तिचा भाऊ आतून म्हणाला, "आक्का, बस जरा. उद्या जाऊ." पण ती ऐकेना. तिच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती, माझ्यासाठीची.

मी तिचा हात धरला. "नका जाऊ. तिला गाडी येते आता. एकटी येते ती."

शैलानं माझ्याकडं निरखून बघितलं. "कुणी शिकवली?"

"तिच्या मैत्रिणीनं."

"नीट शिकवली का?"

"नीट शिकवली."

तिनं चपला सोडल्या आणि परत खुर्चीत बसली. "मग यील ती," म्हणाली, आणि रस्त्याकडं बघत राहिली.