बादशहाच्या निरोपाचं सुनीत

"आठ ओळी झाल्या म्हणे तुझ्या."

"कोण म्हणालं?"

"अख्खं गाव म्हणतंय. मी अजून धडधाकट उभा आहे, झेलिंदा, आणि माझी सख्खी बहीण माझं सुनीत लिहायला बसली!"

"मेल्यावर नाही लिहीत ते. निरोप देताना लिहितात."

"मला दोन्ही सारखंच. सहा ओळी राहिल्यात ना? राहू देत तशाच."

"सरक बाजूला. पाव जळतील."

"जळू देत. माझं अख्खं आरमार जळलं, तेव्हा नाही कळवळलीस ती!"

"आरमार तू जाळलंस, ओलिंतो. स्वतःच्या तोंडाने हुकूम सोडून."

"ओळ तू दिलीस!"

"ओळ ग्रीकांच्या सेनापतीला दिली होती. तू मधेच उचललीस आणि गाऊन मोकळा झालास."

भट्टीच्या दाराशी पाव घ्यायला आलेल्या बायका हे सगळं ऐकत उभ्या होत्या. त्यांना हसू येत होतं, पण पाव हवे होते, म्हणून कुणी हसलं नाही.

गावची भट्टी झेलिंदाकडे होती आणि गावची सुनीतंही तिच्याचकडे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा मुलगा पलटणीतून सुटून आला, चर्चला नवे पाद्री आले, की माणूस कोंबडी नाहीतर चेस्टनटचं पीठ घेऊन तिच्याकडे यायचा. ती कणीक मळता मळता चौदा ओळी जुळवायची. पहिल्या आठ पाहुण्यांसाठी आणि शेवटच्या सहा ज्याच्या त्याच्यासाठी, असा तिचा हिशोब. सेत्तिमिओच्या लग्नात तिने आठ ओळींत त्याच्या रुंद खांद्यांची तारीफ केली आणि नवव्या ओळीपासून नवरीला त्याच्या घोरण्याबद्दल सावध केलं. तो कागद त्यांच्या स्वयंपाकघरात अजून चिकटवलेला आहे. स्वतः झेलिंदाचं लग्न झालं नाही, त्यामुळे तिच्यावर सुनीत लिहायची वेळ कुणावर आली नाही.

तिचं खरं काम मात्र उन्हाळ्यातलं. मे महिन्यापासून दर रविवारी दुपारी चेस्टनटच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत आमचं गाणारं नाटक होतं. आमच्याकडे पाठांतर कुणी करत नाही. नाटकाची वही घेतलेलं माणूस राजरोस मैदानात फिरतं, ज्याची पाळी असेल त्याच्या पाठीशी जाऊन ओळ सांगतं, आणि गाणारा ती उचलून गातो. ही वही आधी झेलिंदाच्या वडिलांकडे होती. त्यांचे गुडघे गेले तेव्हा ती त्यांनी पोरीच्या हातात दिली. त्या काळी बायका नाटकात नव्हत्या. पाद्री तणतणत आले, तेव्हा म्हातारा म्हणाला, "ती गातेय कुठे, फादर? ती नुसती चालतेय."

तेव्हापासून ती चालत होती, आणि त्यातली बरीचशी वर्षं भावाच्या मागे. ओलिंतो लाकूडतोड्या. रविवारी तो पर्शियाचा सम्राट व्हायचा. चर्चमधून आणलेल्या खुर्चीवर तो बसला की राज्यातले सगळे देश नजराणे घेऊन यायचे. मिसर पीठ आणायचा, बाबिलोन चीज, आणि हिंदुस्थानची म्हणून एक बकरी यायची, ती दरवर्षी सिंहासनाचं गवत खायची. नाटकातल्या पर्शियाचा कायदा एकच होता. बादशहाने एकदा उच्चारलेला शब्द खुद्द बादशहालाही मागे घेता येत नाही. हा कायदा आमच्या लोकांनी नाटकापुरता ठेवला नाही. मैदानात बादशहा जे गाईल ते व्हायलाच हवं. म्हणून भट्टीवरच्या त्या भांडणाआधीच्या रविवारी ओलिंतोने खड्या आवाजात "पर्शियाची जहाजं पेटवा" म्हटलं, तेव्हा त्याचेच सैनिक क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी स्वतःची पुठ्ठ्याची जहाजं इमानदारीने पेटवली. लढाई सुरू होण्याआधीच संपली. शेजारच्या गावची माणसं हसून हसून गवतावर लोळली.

दुसऱ्या दिवशी सेत्तिमिओ भट्टीवर आला. नाटकमंडळीचा कारभार त्याच्याकडे होता.

"येत्या रविवारी सुनीत हवं, झेलिंदा. मुकुट तुझ्या भाच्याला, दुइलिओला देऊ. पोरगा तयार आहे."

"त्याला विचारलंस?"

"कुणाला, दुइलिओला?"

"बादशहाला रे."

"ते तू विचार. मला कुऱ्हाडीची भीती वाटते."

निरोपाची रीत ठरलेली होती. सुनीत वाचायचं, मग जाणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने मुकुट देत असल्याचं गायचं आणि मुकुट उतरवायचा. त्याने गायलं नाही, तर मरेपर्यंत मुकुट त्याचा. कुणी कुणाच्या डोक्यावरून तो काढत नाही. ओलिंतोने भट्टीच्या दारातच जाहीर केलं, "वाचा तुमचं सुनीत. मी तोंड उघडणार नाही. बघतो कोण काय करतो ते."

एक गोष्ट एकट्या झेलिंदालाच माहीत होती. पूर्वी तिने ओळीचा पहिला शब्द दिला तरी ओलिंतोला पुरायचा. मग अख्खी ओळ द्यावी लागायला लागली, मग दोनदा. आता त्याच्यापाशी एकही ओळ शिल्लक नव्हती. कानात पडेल ते तो गायचा. ओळ कुणासाठी आहे हेही त्याला कळत नव्हतं. सगळ्यांनाच मागून ओळ मिळत असल्यामुळे हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्याने एकदा विचारलं होतं, आई अजून नदीवरून आली कशी नाही. आईला जाऊन खूप वर्षं झाली होती. झेलिंदाने "येईल" म्हणून सांगितलं आणि कुणाकडे बोलली नाही.

रविवारी नाटक नीट पार पडलं. ती इतकी जवळून चालत होती की तिचा घागरा त्याच्या बुटांत अडकत होता. शेवटी सेत्तिमिओने कागद उघडला. पहिल्या आठ ओळींत पर्शियाचे रस्ते होते, घोडेस्वार जासूद होते, नद्या होत्या आणि बकरीही होती. लोक खूश झाले. नवव्या ओळीला बादशहा घरी आला, बूट काढून दाराशी बसला आणि त्याला कुणी काही विचारेना.

व्हायोलिनवाल्याने सूर धरला. ओलिंतो हाताची घडी घालून खुर्चीत बसला होता. सूर एकदा फिरला, पुन्हा फिरला. दुइलिओ गुडघे टेकून मान खाली घालून थांबला होता.

झेलिंदा खुर्चीमागे आली. वही उघडी होती, पण तिची नजर वहीवर नव्हती. ती वाकली आणि तिने ओळ दिली.

ओलिंतोचे हात सुटले. तो उठला आणि गायला,

"थकलो नाही, हरलो नाही, मनानेच उतरतो आज;
घे रे बाळा डोईवर तू माझ्या पर्शियाचा ताज!"

आवाज अजूनही खोऱ्यात सगळ्यांत मोठा होता. पुढे काय करायचं ते तिने हलक्या आवाजात सांगितलं, आणि त्याने मुकुट उतरवून दुइलिओच्या डोक्यावर ठेवला. लोक उभे राहिले. सेत्तिमिओने तर डोळे पुसले. म्हातारा शेवटी समजुतीने वागला, असंच सगळ्यांना वाटलं.

मैदानामागे लाकडं ठेवायची खोली होती. पोशाख तिथेच बदलायचे. ओलिंतो ओंडक्यावर बसला आणि झेलिंदा त्याच्या मखमली झग्याचे आकडे काढू लागली.

"बरा गायलो ना?"

"छान गायलास."

"उभे राहिले लोक."

"राहिले ना."

"पुढच्या रविवारी त्या बकरीला जरा लांब बांधायला सांग."

तिने झग्याची घडी घातली. त्याने मुकुटासाठी डोकं चाचपलं. मग ओंडक्यावर, बाकावर, खिळ्यांवर बघितलं.

"झेलिंदा, शेवटचं ते कडवं. आपल्या नाटकात आहे ते?"

ती आकडे मोजल्यासारखी झग्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

बाहेरून दुइलिओने हाक मारली, "आत्या, ये ना! सगळे फोटोला थांबलेत."

"मी विचारतोय तुला. बाबांच्या वहीत आहे का ते कडवं, की तू घातलंस?"

झेलिंदाने झगा काखेत धरला, वही उचलली आणि ती दाराबाहेर गेली.