एकच ठोका

पोलिसांना मी अर्धंच सांगितलं, ही माझी चूक. चिंचोळी एमआयडीसीत आमच्या कारखान्यासमोर पंक्चर काढणाऱ्याने चहावालीच्या नवऱ्याला हातोडा मारला, एवढाच जबाब मी दिला. नवऱ्याने आधी तिच्यावर कोयता उगारला होता, हे गाळलं. कोर्टाच्या खेपा नकोत म्हणून!

आठ वर्षं माझी गाडी त्या पंक्चरवाल्याकडेच दुरुस्तीला असते. रिमवर तो मोजून ठोका मारायचा. मी घाई केली की म्हणायचा, "एका ठोक्यात बसतंय की साहेब, दुसरा कशाला?" आणि हातोडा लगेच भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. त्या दिवशीही त्याने एकदाच मारलं, मनगटावर. कोयता गळून पडताच हातोडा परत खिळ्याला. पोलिसांनी विचारलं तर म्हणाला, "व्हय, मारलं की."

पुढे सासरच्या धाकाने चहावालीही जबाबातून फिरली. तिचा जीव वाचवायला मारलं, हे आता त्यानेच सिद्ध करायचं! मला माझीच चीड आली. साक्षीच्या दिवशी मी कोयत्यासकट सगळं सांगितलं.

"मग पोलिसांना का नाही सांगितलंत?" सरकारी वकील ओरडले.

"कोर्टाच्या खेपांना भ्यालो म्हणून," मीही ओरडलो.

निकाल अजून लागायचा आहे. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तो म्हणाला, "लई उशीर केला की साहेब."

"हो. तुम्ही तिला वाचवलंत आणि मी तुम्हाला अडकवलं. माझं चुकलं. मला माफ करा."