गाठींचं टोपरं

कोणी काही लपवलं की माझा जीव खालीवर होतो, ही माझी लहानपणापासूनची खोड. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. पहिल्या बाळंतपणाला मी पनवेलच्या कोळीवाड्यात माहेरी आले होते, आणि माझा बा रोज दुपारी मागच्या पडवीत दार लावून बसायचा. विचारलं की म्हणायचा, "जालं इनतो."

जाळं विणायला दार कशाला लावायचं? आमच्याकडे गडी ओट्यावर पाय पसरून, चारचौघांत जाळी विणतात.

शेवटी मी फटीतून पाहिलं. बाच्या मांडीवर पांढरी लोकर होती. आई दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून विणायला शिकली होती आणि पुढेमागे नातवंडाला होईल म्हणून तिने एक टोपरं विणायला घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली, टोपरं अर्धंच राहिलं. तेच हे, सुयांसकट. बा एक टाका डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. मी आत शिरले तसा दचकला, मग म्हणाला, "यात गाठ एक नाय. तरी ऱ्हातं कसं, सांग!"

मला कुठे विणायला येत होतं! आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून त्या टाक्यांकडे बघत बसलो.

बारशाचं टोपरं बाळाच्या आजोळहून यावं, अशी रीत. बाजारातून आणलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती. पण बाला आईचंच पुरं करायचं होतं. मुलगा झाला आणि हाताशी बाराच दिवस उरले, तेव्हा बा लोकर घेऊन सरळ ओट्यावर येऊन बसला. येणारेजाणारे गडी विचारू लागले, "बांगड्या कदी भरतस?" बा मान वर न करता म्हणायचा, "जालं इनतो तवा कोनी इचारत नाय."

बारशाला टोपरं तयार होतं. खालचा भाग आईचा, मऊ. वरचा बाचा. सासूबाई ते बाळाला घालायला गेल्या आणि ते अर्ध्यावरच अडकलं. ताणेचना. बाने जाळ्यासारखी प्रत्येक टाक्याला गाठ मारली होती. बायका खो खो हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण खोटं कशाला बोलू, हसू मलाही आलं.

सासूबाई समजुतीने म्हणाल्या, "व्याही, उसवा त्ये. गाठी कापून दोरा वडला का सगलं सुटंल. मी इनून देते परत."

बाने टोपरं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"सुटतं म्हूनच गाठी मारल्या," तो म्हणाला. "सुई काढली तं हिच्या आयचे टाके एकेक करून सुटाया लागले. मी घाबरलो."

मी ते टोपरं बाच्या हातून घेतलं, बाळाच्या टाळूवर तसंच ठेवलं आणि नाव ठेवून होईपर्यंत हाताने धरून बसले.