मनगटावरचा कासरा

माणसाचा गळा नीट आवळला की आधी आवाज जातो, मग हातातला जोर जातो आणि मग डोळे उघडे ठेवूनच माणूस झोपतो. घोरतोसुद्धा. मी पहिल्यांदा एका पोरीला असं झोपवलं तेव्हा तिच्या घोरण्याने मला हसू आलं, आणि लगेच तिचे पाय झटके द्यायला लागले तशी मी तिला गदागदा हलवायला लागले. पंचांनी मला ढकलून तिचे पाय वर धरले. ती उठून बसली आणि कोण जिंकलं म्हणून मलाच विचारू लागली. त्या दिवशी मला कळलं की हे काम मला आवडतं. उगाच लाजायचं कशाला? मला लहानपणापासून भांडायला आवडतं.

ब्राझिलियन जिऊ-जित्सूत ठोसे नाहीत, लाथा नाहीत. समोरचीला जमिनीवर आणायचं, तिचा हात, पाय नाहीतर मान पकडायची आणि ती शरण येईपर्यंत पिळायची. शरण यायचं म्हणजे हाताने दोनदा थोपटायचं, मॅटवर नाहीतर समोरचीच्या अंगावर. त्याला टॅप म्हणतात. टॅप झाला की त्याच क्षणी सोडायचं. एवढ्या एका नियमावर हा सगळा खेळ उभा आहे, नाहीतर आम्ही सगळ्या लुळ्यापांगळ्याच घरी गेलो असतो.

पण माझ्या घरात सोडणं म्हणजे शिवी होती. लाखनीवरून आत गेलं की तलावाच्या पाळीखाली आमचं गाव. आमचं धानाचं शेत आणि बाबांचा जीव शंकरपटात. पट म्हणजे बैलजोडीची शर्यत. छकड्यावर उभा राहून जोडी पळवणारा तो धुरकरी, आणि आमच्या बाजूच्या गावांत बाबांसारखा धुरकरी नव्हता. मी शाळेत असताना एका पटात त्यांनी बैलांना आवरायचा दोर, कासरा, उजव्या मनगटाला गुंडाळला. लोक ट्रॉल्यांवर चढून ओरडत होते, मीही ओरडत होते. झेंडी पडली, जोडी सुटली, शेवटच्या खुणेच्या पुढे गेली आणि छकडा बांधावर आदळून उलटला. बाबा खाली पडले. बैल थांबले नाहीत. धानाच्या धसकटांतून बाबांना त्यांनी फरफटत नेलं, पोटावर, मग पाठीवर, मग पुन्हा पोटावर. त्यांचं सोलून निघालेलं अंग मी पाहिलं. मनगट उलट्या बाजूला वळलं होतं आणि कासरा मांसात रुतला होता. तो विळ्याने कापावा लागला.

पंचक्रोशीत एकच गोष्ट झाली, की हात गेला पण गड्याने कासरा सोडला नाही. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, घरी पाहुणे आले की बाबा तो हात पुढे करायचे. त्याची तीन बोटं आजही मिटत नाहीत. पाहुणे हाताला हात लावून बघायचे आणि मी शेजारी बसून फुगायची. त्या हाताचा मला जेवढा अभिमान होता तेवढा कशाचाच नव्हता.

पुढे शिकायला मी जवाहरनगरला मामाकडे राहिले. तिथल्या फॅक्टरीत नोकरी करणारे आणि तिच्याच क्वार्टरांत राहणारे एक सर संध्याकाळी हॉलमध्ये पोरींना जिऊ-जित्सू शिकवायचे. माझी पकड बघून त्यांनी विचारलं की आधी काय खेळायचीस. काहीच नाही, रोवणीच्या दिवसांत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटायची, एवढंच. पण एकदा मी समोरचीच्या जाड जाकिटाची कॉलर धरली की ती सुटायची नाही. रोज नखं फाटायची. ओठ फुटायचे. घासून घासून माझे कान सुजले आणि तसेच घट्ट झाले. आई म्हणायची की आता पोरगी बघायला आले की केस कानावर घेऊन बसवावं लागेल. मी म्हणायची, येणाऱ्याला कान नको असले तर त्याचे काढून देते.

राज्य स्पर्धेच्या अंतिम लढतीत एका उंच पोरीने माझा उजवा हात दोन मांड्यांत धरला, कोपर उलटं केलं आणि कंबर वर उचलली. सर कडेवरून ओरडत होते की टॅप कर. मी छताकडे बघत होते आणि मला बाबा दिसत होते, धसकटांतून जाताना. मी थोपटलं नाही. वाळकी तुराटी पायाखाली मोडते तसा आवाज आला. तो आधी त्या पोरीने ऐकला. तिनेच किंचाळून माझा हात सोडून दिला.

गावात माझा सत्कार झाला. प्लास्टरमधला हात घेऊन मी खुर्चीवर बसले होते. बाबांनी आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवून लोकांना दाखवला. पोरगी बापावर गेली, असं सगळे म्हणाले. त्या दिवशी मी जितकी सुखी होते तितकी नंतर सुवर्णपदक मिळालं तेव्हाही नव्हते.

सरांनी मात्र मला हॉलच्या दारातच अडवलं. जी टॅप करत नाही ती उद्या दुसरीचा टॅपही मानणार नाही, असली पोरगी माझ्या मॅटवर नको, असं त्यांनी सांगितलं. मी भांडले, रडले, पुन्हा पुन्हा जाऊन दारात उभी राहिले. शेवटी त्यांनी आत घेतलं ते एका अटीवर. हॉलमधल्या प्रत्येक पोरीने माझा हात धरायचा आणि दुखायच्या आत मी थोपटायचं. माझ्यापेक्षा लहान, माझ्यापेक्षा हलक्या पोरींपुढे मी थोपटत होते आणि संतापाने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एकदा तर शरण आल्यावर मी त्या पोरीच्या तोंडावर कोपर हाणलं. सरांनी मला पुन्हा तिच्यापुढेच बसवलं. तिच्या नाकातून रक्त येत असताना मी तिच्याच पायावर थोपटलं.

पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेला बाबा पहिल्यांदा बघायला आले. उपांत्य फेरीत पुन्हा तेच कोपर सापडलं. हाड जुळलं होतं तिथून कळ थेट दातांत आली. मी थोपटलं, समोरचीने सोडलं आणि मी उठून वर पाहिलं तेव्हा बाबा जागेवर नव्हते. ते रेल्वे स्टेशनवर जाऊन बसले होते. घरी आल्यावर मला ऐकू जाईल अशा आवाजात ते आईला एवढंच म्हणाले, "पोरीनं कासरा सोडला."

त्यानंतरचं वर्ष मी माणसासारखी खेळले नाही. त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेतच एकीचा खांदा निखळला, एकीचं बोट माझ्या पकडीत मोडलं. त्या टॅप करायच्या आणि मी सोडायची, पण मनात अजून थोडं पिळावं असंच असायचं. अंतिम फेरीत मी समोरचीच्याच जाकिटाच्या कॉलरने तिचा गळा आवळला. तिनेही थोपटलं नाही. तिची लाळ माझ्या मनगटावर आली, मग तिचं अंग जड झालं. मी राष्ट्रीय विजेती झाले आणि माझा पहिला विचार हाच होता की आता बाबा काय म्हणतात ते बघू.

हायवेच्या चौकात माझं बॅनर लागलं. घरी मंडईचे पाहुणे होतेच. त्यांच्यापुढे बाबांनी पटाची गोष्ट पुन्हा सांगितली, हात पुढे केला, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले की यंदा जिंकली खरी, पण मागच्या साली हिनं सोडलं होतं. पाहुणे हसले. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि ते जायची वाट बघत बसले.

दुपारी अंगणात आईने ताडपत्रीवर धान वाळत घातलं होतं. ते मी पायाने एका बाजूला सारलं.

"बाबा, लेटा येथी. हात द्या तुमचा."

त्यांना गंमत वाटली. ते हसत हसत आडवे झाले. मी त्यांचा डावा, चांगला हात दोन मांड्यांत धरला, अंगठा आभाळाकडे केला आणि कंबर उचलली. हसू थांबलं. आई मला शिव्या देत धावत आली आणि जवळ येऊन तशीच उभी राहिली. बाबांचं तोंड काळंनिळं पडलं होतं, दात दिसत होते, पण आवाज नाही. मी अजून उचलली. कोपर कुठे संपतं हे मला पोटाला कळतं. ते संपलं होतं. त्यापुढे फक्त तो आवाज होता आणि खरं सांगायचं तर मला तो ऐकायचा होता.

माझ्या नडगीवर काहीतरी आपटलं. परत एकदा आपटलं. बाबांचा उजवा हात होता तो, न मिटणाऱ्या बोटांचा. मी सोडलं.

ते उठून बसले. घामाने अंगाला धान चिकटलं होतं. माझ्याकडे न बघता ते बोलले.

"कासरा मी धरला नव्हता. गुंडाळला होता, त्याची गाठ ओढल्या गेली. मी तं सोडवा रे, सोडवा रे म्हणून बोंबलून राहिलो होतो. कोणाले आयकू नाई गेलं."

"मंग इतकी वर्षं सांगत काहून राहिले?"

"मी नाई सांगितलं पहिल्यांदा. लोकायनंच सांगितलं. मी फक्त नाई म्हटलं नाई."

आईने मान खाली घातली आणि सांडलेलं धान ओढायला लागली. तिला माहीत होतं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही. माझ्या डोक्यात घण पडत होते. त्यांना मारावंसं वाटलं, अगदी उघड्या हाताने तोंडावर. मी बाही वर केली आणि माझा उजवा हात त्यांच्यासमोर धरला. तो पूर्ण सरळ होत नाही, आता कधी होणारही नाही.

"मंग हा कायले मोडला मी?"

तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला, एकाने घट्ट आणि दुसऱ्याने जमेल तसा. कोपरावरच्या गाठीवरून ते अंगठा फिरवत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. बाबांना रडताना मी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवत नव्हतं. हात ओढून घ्यावा तर त्यांची पकड घट्ट होती.

मी डाव्या हाताने त्यांच्या मनगटावर दोनदा थोपटलं. बाबांनी लगेच सोडलं.