गलांड्यावर राब

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. साठ सालाच्या आसपास मी चौथीत होते, दादा मुंबईला गिरणीत होता आणि वहिनी आमच्याकडे होती. लग्न दादाशी झालेलं, पण संसार चालला होता आईशी. दादा यायचा शिमग्याला आणि गणपतीला. एरवी वहिनी पाणी, शेण, लाकडं आणि दळण यांच्या मागे पळत असायची. तिचं माहेर तुडीलला, सावित्रीच्या काठी. दोन वर्षं होऊन गेली तरी आईने तिला एकदाही माहेरी पाठवलं नव्हतं, पहिल्या दिवाळीलासुद्धा नाही. कधी भात झोडायचं असायचं, कधी नाचणी काढायची असायची, कधी गाय व्यालेली असायची. वहिनीने माहेरचं नाव काढलं की आमची गाय हटकून व्यालेली असायची.

त्या साली संक्रांतीनंतर तुडीलचा एक माणूस कामासाठी वर आला. त्याच्या हाती वहिनीच्या आईने फडक्यात बांधून गलांड्याच्या फुलांची वाळकी बोंडं धाडली होती. आईने फडकं सोडून बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या लांबून कचरा धाडला काय गो?"

मोरीचं पाणी परसात जिथे जातं तिथे वहिनीने चटईएवढा तुकडा खणला, दगड वेचून काढले, शेणखत कालवलं. बोंडं तळहातांवर चोळली, बी राखेत मिसळलं म्हणजे मुंग्या नेणार नाहीत, आणि वरून नुसती माती भुरभुरली. मी म्हटलं, खोल पुर ना. ती म्हणाली, "ह्याला उजेड लागतो, बाय. पुरलं तर मरतं."

उन्हाळ्यात आमचा पाणवठा आटत जायचा. वाटीवाटीने हंडा भरावा लागायचा, आणि त्यातला थेंबही फुलांना घालायचा नाही अशी आईची ताकीद होती. मग वहिनी तांदूळ धुतलेलं पाणी न्यायची, भांडी विसळलेलं न्यायची. मी उगाचच परसात जाऊन तोंड धुवायचे. रोपं वर आली, केसाळ पानांची, दिसायला अगदी तणासारखी. गुरांनी खाऊ नयेत म्हणून तिने भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

एका संध्याकाळी पडवीत चार शेजारणी बसल्या होत्या. आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. वहिनीने धीर करून विचारलं, "आत्याबाय, चार दिस तुडीलला जाऊन येऊ? आयचं गुडघं लय दुखतंत म्हणं."

आई हसली. "जा की. तुझी फुलं फुलली की जा."

सगळ्या बायका हसल्या. हसण्यासारखंच होतं ते त्यांच्या दृष्टीने. तुडील नदीकाठचं, आणि आमच्याकडे हातभर खाली कातळ. ऐन उन्हात इथे फूल कसलं येतंय! पण वहिनी हसली नाही. "बरं, आत्याबाय," म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती त्या वाफ्याकडे ज्या नजरेने बघायची तिचा अर्थ मला तेव्हाही कळत होता. तिला फुलं नको होती. तिला घरी जायचं होतं.

चैत्र संपता संपता कळ्या धरल्या. आणि एक दिवस सकाळी त्यातली एक उघडली. मधे गर्द लाल, पाकळ्यांच्या टोकांना हळदीचा पिवळा रंग. वहिनी हात पुसत आईसमोर जाऊन उभी राहिली. "आत्याबाय, फुललं."

"बरं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, यंदा मिरचीचा राब परसात घालायचा.

ज्यांना राब ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्याकडे रोपं करायची जागा पावसाआधी भाजून काढतात. झाडाचा टहाळ, पालापाचोळा, शेण, गवत एकावर एक रचायचं, वर थोडी माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं आणि राख जमिनीला मिळते. भात-नाचणीचा राब शेतात घालतात. मिरची-वांग्याचा लहानसा राब घराजवळ असतो, आणि आमचा दर वर्षी गोठ्यामागे असायचा. ती जागा कुठे पळाली नव्हती. आई म्हणाली, मोरीजवळची जमीन आता चांगली झालीय. ती चांगली कोणी केली हे तिला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत होतं.

मी ओरडले, "आये, तितं फुलं हायत!"

"मंग? फुलं खाशील काय भाकरीसंगं?"

तिने स्वतः हात लावला असता तर मला कदाचित इतका राग आला नसता. पण राबाचा पाला वाहायचा म्हणजे सुनेनेच वाहायचा, ही आमच्याकडची रीत. आई उंबऱ्यात बसून बोट दाखवत होती. "त्या कडंला कमी हाय. अजून टाक." आणि वहिनी टाकत होती. तिने आधी काट्यांचं कुंपण काढलं, मग उघडलेल्या फुलावर टहाळ ठेवला, मग शेणाची पाटी ओतली. चुलीतला निखारा करवंटीतून तिनेच आणला. ओली रोपं लवकर पेटत नाहीत. दुपारपर्यंत नुसता धूर येत राहिला, पार वाडीभर.

उन्हं उतरल्यावर वहिनी हंडा घेऊन पाण्याला गेली ती आलीच नाही. आईने मला बघायला पाठवलं. पाणवठ्यावर हंडा काठोकाठ भरलेला होता, शेजारी चुंबळ. मी धावत घरी आले.

"वयनी नाय तितं!"

"आन् हंडा?" आईने विचारलं.

माझी आई होती ती, पण त्या क्षणी मला ती नको होती.

बापये लोक कंदील घेऊन शोधून आले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पोर तुडीलला सुखरूप आहे. एव्हाना वाडीभर झालं होतं की यांची सून पळाली. संध्याकाळी त्याच शेजारणी पडवीत जमल्या, तोंडाला पदर लावून. आईने त्यांना बोलूच दिलं नाही. "पळंल कशाला? मीच धाडली. फुलं फुलली की जा, बोललेवते ना तुमच्याम्होरं? फुलली, धाडली."

त्या सगळ्यांनी धूर बघितला होता. एकीनेही विचारलं नाही. मी म्हटलं, "कुठं हायत फुलं? दाखव की ह्यांना!" आईने माझ्या कानाखाली वाजवली आणि चहा टाकायला आत गेली.

आठ दिवसांनी वहिनीला तिचा बाप आणून सोडून गेला. गणपतीला दादा आला. जेवताना वहिनीला म्हणाला, "आयनं माहेरला धाडलंन म्हणं तुला. उगाच भितेस तिला."

मी वहिनीकडे बघत राहिले. आता बोलेल, आता सांगेल.

"व्हय," ती म्हणाली. "आत्याबायनीच धाडलं."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. दादा परत गेल्यावर पाणवठ्यावर तिने मला धरलं तेव्हा मी तिला खोटारडी म्हटलं. ती चिडली नाही. म्हणाली, "नाय म्हटलं आसतं तर मी पळालेली सून ठरले आसते. परत कोन सोडंल मना? आता ह्यो त्यांचा शब्द झाला. पुढल्या साली सगळ्यांम्होरं इचारीन. आत्याबाय, गेल्या साली धाडलंत, यंदा कधी जाऊ?"

आणि तिने विचारलं, त्याच बायकांसमोर. आईला हो म्हणावं लागलं. त्यानंतर दर उन्हाळ्याला. सुनेला न मागता माहेरी पाठवणारी सासू म्हणून वाडीत आईचं नाव झालं. आई वारली तेव्हा दिवसांना आलेल्या बायका हेच सांगत बसल्या होत्या, आणि वहिनी मान हलवत होती. चार दिवस स्वतःच्या आईकडे जाता यावं म्हणून ती माझ्या आईला जन्मभर चांगली म्हणत आली. मी नाही म्हणणार.